सदस्य मोजून झाले, आता ठरावांच्या मागे लागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी तुम्ही वीस ग्रामपंचायतींच्या सदस्यांची यादी केलीत. निम्म्याहून जास्त सदस्य महिला निघाल्या, मागासवर्गीयांच्या जागाही कायद्याप्रमाणे भरलेल्या. मार्गदर्शक म्हणतात, शंभर महिला सदस्यांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि ‘प्रतिनिधित्व वाढले’ असा निष्कर्ष मांडा. तुम्हाला गावात तसं काही दिसत नाही. मग लिहायचं काय आणि मोजायचं कसं?

दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ग्रामपंचायत सदस्यांची प्रशिक्षणं घेता घेता मी बरीच वर्षं पंचायतींचा कारभार अभ्यासतोय. माझ्या मते तुमची अडचण मोजणीची नाहीच. एका प्रश्नाचं उत्तर हातात आहे आणि त्याच्याकडून तुम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर मागताय. खुर्चीवर कोण बसलं, हा एक प्रश्न. निर्णय कुठे झाला आणि त्याचा फायदा कुणाच्या दारापर्यंत पोचला, हा दुसरा. ‘प्रतिनिधित्व आहे’ किंवा ‘नाही’ असं एका वाक्यात लिहायला गेलात की हे दोन्ही एकमेकांत मिसळतात. परीक्षकाने जरा खोदून विचारलं तर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही.

आधी तुमच्या आकड्याबद्दल. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली तेव्हा महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत चार महिला असणारच, कारण कायदाच तसा आहे. त्यामुळे ‘निम्म्याहून जास्त महिला’ हा तुमच्या अभ्यासाचा शोध नाही, ती निवडणूक यंत्रणेने केलेली अंमलबजावणी आहे. शोध कशाला म्हणता येईल? सर्वसाधारण जागेवरून किती महिला निवडून आल्या. आरक्षण उठल्यावर त्याच प्रभागातून पुन्हा किती जणी उभ्या राहिल्या आणि किती निवडून आल्या. आणि मुख्य म्हणजे या महिला कोणत्या वाडीच्या, कोणत्या घरच्या. ‘महिला सदस्य’ असा एकच रकाना केलात तर पॅनेलप्रमुखाची सून आणि काजूच्या कारखान्यात बी सोलायला जाणारी बाई एकाच ओळीत बसतात. यादीला जात, वाडी, शिक्षण, रोजगार आणि घरातलं आधीचं कुणी पदावर होतं का, एवढे रकाने जोडा. याच माहितीतून वेगळंच चित्र दिसायला लागेल.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरायची नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा घटलेली. पुरुष मुंबईला, बायका गावाला, ही आपली जुनी व्यवस्था. म्हणजे गावात राहणाऱ्यांत बायका निम्म्याहून जास्त आहेत. निम्म्या जागा ही इथे काही मेहेरबानी नाही, हे प्रबंधात एका वाक्यात का होईना लिहा.

सिद्धान्ताचं प्रकरण लांबवू नका. राज्यशास्त्राच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७मध्ये केलेली विभागणी तुमच्या अभ्यासक्रमात असेलच: नियमाने मिळालेलं, दिसण्यातलं, प्रतीकात्मक आणि प्रत्यक्ष हिताचं प्रतिनिधित्व. ती वापरा. पण त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी १९१९मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे जी मांडणी केली ती आपल्याकडच्या गावांना जास्त लागू पडते. नुसत्या मतांचं प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसांचंही व्हावं लागतं, आणि केवळ भूभागावर आखलेले मतदारसंघ हे काम करू शकत नाहीत, असं ते तिथे सांगत होते. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यांची ही मांडणी कोकणातल्या प्रबंधात तळटीपेत ढकलली जाते, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

ही मांडणी लागू कशी पडते ते बघा. ग्रामपंचायतीचे प्रभाग दोन-तीन जागांचे असतात. त्यातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असली तरी मत प्रभागातले सगळेच देतात. समजा एका प्रभागात बौद्धवाडी आणि तिच्या तिप्पट मतदारांची दुसरी वाडी एकत्र आली. उमेदवार बौद्धवाडीचा असणार हे नक्की, पण त्या वाडीतला कोण, हे दुसरी वाडी ठरवणार. जो मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाशी नीट बोलतो, जो ‘त्रास देणारा नाही’, तो निवडून येतो. १९३२च्या पुणे करारात जागा राखीव आणि मतदारसंघ संयुक्त होता, पण निदान सुरुवातीच्या काळापुरती, आधी दलित मतदारांनीच चार जणांचं पॅनेल निवडायचं अशी पायरी होती. आजच्या प्रभागात ती पायरी नाही. तेव्हा प्रभागांचा नकाशा हाताने काढा. मतदार यादीतली आडनावं आणि घरं वाडीनिहाय लावली की कोणती वाडी कुठे तोडली, कुठे जोडली, ते दोन संध्याकाळींत कळतं. मुद्दाम तोडली असं लगेच लिहू नका. पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडची वाडी वेगळ्या प्रभागात जाणं हे कधी कधी निव्वळ भूगोलामुळे घडतं. परिणाम मात्र तोच राहतो.

आता जागा ठरतात त्या आकड्यांबद्दल, कारण इथे विद्यार्थी हमखास घसरतात. अनुसूचित जातींच्या जागा जनगणनेतल्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत बौद्ध सुमारे ७ टक्के आहेत आणि अनुसूचित जाती ४ टक्क्यांच्या आसपास. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९०मध्ये दिला, तरी गणनेच्या वेळी पुष्कळ घरांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला आणि जातीच्या रकान्यात जुनी जात सांगितली नाही. त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. १९५६ला जे सोडलं ते कागदावर परत का लिहायचं? पण जागा मोजणारा तोच कागद बघतो. तुमच्या वीस गावांत बौद्धवाडीची घरं आणि राखीव जागा यांचा मेळ कुठे बसत नाही, ते स्वतंत्र तक्त्यात दाखवा. विषमता मोजण्याच्या पद्धतीतही असते, याचं यापेक्षा सरळ उदाहरण तुम्हाला शोधूनही मिळणार नाही.

इतर मागासवर्गीयांच्या जागांबाबत निवडणुकीचं साल बघितल्याशिवाय तुलना करू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये सरसकट २७ टक्के आरक्षणाला कात्री लावली, ओबीसींची माहिती तपासणाऱ्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२मध्ये स्वीकारला गेला, आणि मधल्या काळातल्या निवडणुकांचे नियम वेगळे पडले. कुणबी आणि भंडारी बहुसंख्य असलेल्या तालुक्यात याचा परिणाम कमी जाणवतो, कारण ते सर्वसाधारण जागेवरूनही निवडून येतात. गवळी, तेली, नाभिक अशा थोड्या घरांच्या समाजांना तो जाणवतो. आणि इथेच ‘ओबीसी’ हा एक रकानाही तोकडा पडतो. खारवी आणि गाबीत या मच्छीमार वस्त्यांचा बंदरावरचा प्रश्न आणि कुणबीवाडीचा बेदखल कुळाचा (जमीन कसूनही कागदावर नाव नसलेल्याचा) प्रश्न यात साम्य शोधायला बसू नका.

इथवर जे सांगितलं ते सगळं खुर्चीबद्दलचं: रकाने वाढवा, प्रभाग नकाशावर आणा, जागा कोणत्या आकड्यावरून ठरल्या ते तपासा. तुमच्या वीस ग्रामपंचायतींची माहिती एवढ्याला पुरते आणि प्रबंधाचं पहिलं अर्धं काम त्यात होतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र वीस गावं जास्त होतात. मी चार घेईन.

कोकणात ग्रामपंचायत हे निर्णय होण्याचं एक ठिकाण आहे, एकमेव नाही. गावकीची, म्हणजे गावातल्या घरांच्या परंपरागत संघटनेची, बैठक असते. वाडीची बैठक असते. मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. देवस्थानाचे मानकरी असतात. बौद्धवाडीत बौद्धजन पंचायत समितीची गाव शाखा असते, मुस्लिम मोहल्ल्यात जमात (तिथल्या लोकांची पंचायत) असते. सरपंचपदासाठी कुणाला उभं करायचं, देवळाच्या वाटेला निधी द्यायचा की नळपाणी योजनेच्या दुरुस्तीला, हे पुष्कळदा यातल्या एखाद्या बैठकीत आधी ठरतं आणि मग पंचायतीच्या टेबलावर येतं. आता या बैठकांना बसतं कोण? बहुतेक गावांत घरटी एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे पुरुष. पंचायतीत प्रौढ माणशी एक मत, गावकीत घरटी एक पुरुष. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन सभा एकाच गावात आहेत, आणि ५० टक्के आरक्षण फक्त पहिलीला लागू आहे. तुम्हाला ‘काहीच बदललेलं दिसत नाही’ त्याचं निम्मं कारण इथे आहे. प्रबंधाचा मध्यवर्ती युक्तिवाद करायचाच असेल तर मी हा करीन.

बिनविरोध निवडणूक हा त्याचा उत्तम पुरावा असतो. ‘गाव करी ते राव न करी’ म्हणत अख्खी पंचायत बिनविरोध काढणं आपल्याकडे भूषणाचं मानतात, आणि भांडणं, खर्च टळतात हेही खरं. पण कुणाचा अर्ज मागे घ्यायला लावला? तहसील कार्यालयातून भरलेल्या आणि मागे घेतलेल्या अर्जांची यादी मिळते. त्यात आरक्षित जागांवरून अर्ज मागे घेणारे किती आणि कोणत्या वाडीचे, ते बघा. त्यांच्यातल्या दोघांशी बोललात तरी शंभर प्रश्नावल्यांपेक्षा जास्त हाती लागेल.

मग अभ्यास कशाचा करायचा? माझं उत्तर: माणसांऐवजी निर्णयांचा. प्रत्येक गावात मागच्या पाच वर्षांतली तीन-चार कामं निवडा. एक पाखाडी (दगडी पायवाट), एक साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), एक पाण्याची लाइन आणि एक काम जे मागितलं गेलं पण झालं नाही. शेवटचं विसरू नका, कारण नाकारलेल्या मागणीची फाइल नसते, ती लोकांच्या बोलण्यातच असते. आणि मग प्रत्येक कामाचा माग काढा: मागणी पहिल्यांदा कुणी, कुठे केली, गावाच्या आराखड्यात कधी आली, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, एमबीतली (मोजमाप पुस्तिकेतली) नोंद, बिल.

मासिक सभेचं प्रोसिडिंग (इतिवृत्ताची वही) कसं वाचायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण याचं प्रशिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. ठरावाचा मजकूर ठरलेला असतो: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन खालीलप्रमाणे सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’ या वाक्यातून काहीच कळत नाही, ते सोडून द्या. खाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात. नवखा अभ्यासक ती मोजतो, महिला सूचक ४० टक्के निघाल्या की खूश होतो. पण नावं पाळीपाळीने घालायची ही लिहिणाऱ्याची सोय असते. म्हणून नावांची संख्या मोजण्यापेक्षा कोणतं नाव कोणत्या विषयापुढे आहे ते बघा. अंगणवाडी, स्वच्छता आणि अभिनंदनाच्या ठरावांपुढे बायकांची नावं, आणि बांधकाम, ठेकेदार, निविदा यांपुढे त्याच दोन पुरुषांची, असा साचा वर्षभर सलग दिसला तर तो लिहिण्याजोगा आहे. नंतर तारखा जुळवा. पाखाडीच्या अंदाजपत्रकावरची तारीख ठरावाच्या आधीची असेल, तर निर्णय सभेत झाला नाही, एवढं कागदावरच सिद्ध होतं. सह्यांची पानंही बघा. सभेच्या दिवशीची हजेरी आणि प्रोसिडिंगवरची सही यात फरक सापडतो, कारण वही सहीसाठी घरोघर फिरते. आणि ग्रामसभेच्या पानावर वर ‘तहकूब’ लिहिलंय का ते आवर्जून पाहा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती संख्या लागते. पण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. महत्त्वाचे ठराव तहकूब सभेत किती झाले, हा आकडा मला कुठल्याही महिला टक्केवारीपेक्षा बोलका वाटतो.

पैशाचा मागही असाच काढायचा. स्वतःच्या उत्पन्नातून ग्रामपंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित (त्याच कामांना बांधलेले), ४० टक्के अबंधित. खरी सत्ता त्या अबंधित ४० टक्क्यांत दिसते, कारण तिथेच निवड करायला जागा असते. महिला बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून काय घेतलं, हे कुणाला विचारून ठरलं, ते विचारा. आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून मंजूर झालेला रस्ता असेल तर तो पायी चालून बघा. कुठल्या घरापासून सुरू होतो आणि कुठल्या घराच्या अलीकडे संपतो, हे कागदावर दिसत नाही. पाण्याच्या लाइनीचंही तेच. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत जा आणि तिथल्या बाईला विचारा, पाणी किती वेळ येतं.

आता मुलाखती. ‘तुम्ही निर्णय स्वतः घेता का?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून आजच काढून टाका. शेजारी नवरा, दीर किंवा वाडीचा पुढारी बसलेला असताना त्याचं एकच उत्तर येतं. कधी कधी तेही येत नाही, सिंधुदुर्गाकडे ‘माका काय इचारतास, ग्रामसेवकाक इचारा’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा: ती पाखाडी तुमच्या वाडीत कशी काय आली? आधी कुणी विषय काढला? अंदाजपत्रक तुम्ही पाहिलंत का? आणि सरपंच बाईंना एक प्रश्न नक्की विचारा, तुमचा डोंगल कुठे असतो. वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट आता सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या डिजिटल सहीने होतं. ती सही ज्या डोंगलमध्ये असते तो बाईंच्या पर्समध्ये आहे, ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आहे की नवऱ्याच्या खिशात, यावरून पुष्कळ काही कळतं. ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असला म्हणजे बाई नामधारी, असं मात्र नाही. पुरुष सरपंचांचेही डोंगल तिथेच पडलेले मी पाहिलेत. म्हणून हा प्रश्न दोघांनाही विचारायचा. पुरुषांना कधीच न विचारलेले प्रश्न फक्त बायकांना विचारून ‘बायका परावलंबी’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध भरपूर आहेत, त्यांत भर नको.

‘सरपंचपती’ या विषयावर लिहिताना आपल्याकडचं स्थलांतर लक्षात ठेवा. नवरा विरार-नालासोपाऱ्याला असेल तर तो मासिक सभेला येऊन बसणार नाही. फोन येतील, पण टेबलावर बाईच असते. अशा कित्येक जणी पहिल्या वर्षी गप्प असतात आणि तिसऱ्या वर्षी पंचायत समितीत जाऊन फाइल कुठे अडली ते विचारतात. म्हणून मुलाखत एकदाच घेऊन थांबू नका. आणि मुलाखत कुठे घेता तेही महत्त्वाचं. बचत गटाच्या बैठकीनंतर किंवा एसटीची वाट बघताना बाई जेवढं बोलते तेवढं ओटीवर बोलत नाही. तुमचं स्वतःचं आडनावही यात आलं. कोकणात आडनाव सांगितलं की समोरच्याला तुमची जात आणि बऱ्याचदा वाडीसुद्धा कळते, आणि उत्तर त्याप्रमाणे बेतलं जातं. शक्य असेल तर दुसऱ्या समाजाच्या एखाद्या सहाध्यायीला काही मुलाखती घ्यायला सांगा आणि दोन्ही संचांत काय फरक पडतो ते लिहा.

बोलण्याआड येणारी विषमता समजून घ्यायची तर एक प्रश्न जमिनीचा. खोती, म्हणजे खोतांकडची जमीन-महसुलाची वतनदारी, १९४९च्या कायद्याने गेली, पण घर एकाचं आणि घराखालची जागा दुसऱ्याच्या सातबारावर, अशी घरं अजून गावोगाव आहेत. ज्याच्या जागेत घर आहे त्याच्याच भावाच्या ठेक्याविरुद्ध सभेत हात वर करायला किती हिंमत लागते? दुसरा प्रश्न मजुरीचा. सभा कामाच्या दिवशी अकरा वाजता असते. आंबा-काजूच्या हंगामात त्या सभेला येणं म्हणजे दिवसाची मजुरी सोडणं, आणि बैठक भत्त्याने ती भरून निघत नाही. गैरहजेरीला ‘उदासीनता’ म्हणण्याआधी त्या दिवशी ती बाई कुठे होती ते विचारा.

खुर्चीबाहेरचा आवाजही विसरू नका. एप्रिल २०२३मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करायला बायका पुढे होत्या. अशा वेळी पंचायतीतल्या महिला सदस्य कुठे होत्या, ग्रामसभेत कोणते ठराव झाले, आणि रस्त्यावर आलेल्यांपैकी पुढे कुणी निवडणूक लढवली का, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तुमच्या तालुक्यात असं काही घडलं असेल तर एक प्रकरण त्याला द्या, नसेल तर ओढूनताणून आणू नका.

‘आरक्षणामुळेच हा बदल झाला’ असं म्हणायचं असेल तर तुलना लागते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांचा २००४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास गाजला तो याच कारणाने. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात महिलांसाठी राखीव गावं योगायोगाने ठरत असल्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची सरळ तुलना करता आली, आणि प्रमुखपदी महिला असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त भर दिल्याचं दिसलं. आपल्याकडेही महिला सरपंचपदासाठी सोडत निघते, म्हणून मोह होईल. पण जपून. मागच्या वेळी राखीव असलेली गावं चिठ्ठ्यांमधून वगळली जातात. अनुसूचित जातींसाठीचं पद लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने फिरतं, तिथे योगायोग नाहीच. शिवाय सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ला आली, २०२०ला गेली आणि २०२२ला परत आली. २०१९चा सरपंच आणि २०२१चा सरपंच यांची ताकदच वेगळी होती. चार गावांच्या अभ्यासात कार्यकारणाचा दावा करू नये. कारभार कसा चालतो ते दाखवलंत तरी खूप झालं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हातात सहा महिने असतील तर चारऐवजी दोन गावं घ्या. निवडणूक तोंडावर असेल तर कुणीच खरं बोलणार नाही, तेव्हा आधी कागद उरका आणि माणसं नंतर. स्वतःचं गाव घ्यावं का? कागद पटकन मिळतात, पण बाजू आधीच ठरलेली असते. मी एक स्वतःचं आणि बाकीची दुसऱ्या खोऱ्यातली घेईन. कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार शेवटी वापरा. आधी पंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बघायला मागा, बरेच जण दाखवतात. अर्ज टाकलात की गाव तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. टाकायचाच झाला तर आपल्या राज्यात तो एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा.

नावं बदलून गोपनीयता राखता येईल असं समजू नका. सात सदस्यांच्या पंचायतीत ‘अनुसूचित जातीची महिला सदस्य’ असं लिहिलंत की ती कोण, हे तालुक्याला कळतं. गावं एकमेकांत मिसळून लिहा, पद आणि जात एकाच वाक्यात आणू नका, आणि ज्या माहितीने कुणाची जागा किंवा रोजगार धोक्यात येईल ती कितीही मोलाची असली तरी वगळा.

मार्गदर्शकांशी वाद घालू नका. शंभर प्रश्नावल्या हव्याच असतील तर भरून घ्या, पण त्यात कामांबद्दलचे प्रश्न घाला आणि पुरुष सदस्यांनाही तेच विचारा. प्रबंधाचं शीर्षक ‘प्रतिनिधित्व वाढले का’ असं न ठेवता ‘कोणत्या निर्णयांत कुणाचा सहभाग’ अशा अंगाने ठेवा, म्हणजे हो-नाहीचा प्रश्नच उरत नाही.

आणि ग्रामसभांचं कॅलेंडर आत्ताच वहीत मांडा. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या रूढ तारखा. १ मेला चाकरमानी गावात असतात, सभा भरते आणि बोलतात तेच. रायगडातलं गाव घेतलंत तर जानेवारी आणि मे या दोन्ही सभांना कातकरीवाडी वीटभट्टीवर गेलेली असते, तिथला राखीव सदस्यही. १५ ऑगस्टला बंदी उठून होड्या समुद्रात आणि भात लावणीतून बायका नुकत्या मोकळ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिलाही जाऊन बसा. ती खरंच भरते की नुसती वहीत लिहिली जाते, ते आधी कळेल. एकाच गावाच्या किमान दोन वेगळ्या ऋतूंतल्या सभा बघा आणि प्रत्येक वेळी कोण बोललं, किती वेळ बोललं, कोणत्या वाडीचं होतं, एवढंच टिपा. पहिली सभा झाली की टिपणं इथे टाका, पुढचं त्यावरून बोलू.